विश्लेषण : १९ मजली इमारत अवघ्या १० डॉलरना का विकली गेली? फ्रँक लॉइड राइट यांच्या ‘प्राइस टॉवर’चे नेमके काय झाले?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात बार्टल्सव्हिल नावाचे एक छोटे शहर आहे. लोकसंख्या जेमतेम ३७ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. बैठी घरे, दोन-तीन मजली दुकाने आणि आजूबाजूला पसरलेला गवताळ सपाट मुलूख. या सगळ्यातून अचानक २२१ फूट उंचीचा, तांब्याने मढवलेला एक मनोरा वर येतो. उंचीने कुतुबमिनारपेक्षा थोडासाच कमी. विसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेल्या वास्तुरचनाकारांपैकी एक, फ्रँक लॉइड राइट यांनी आयुष्यात प्रत्यक्ष उभारलेली ही एकमेव गगनचुंबी इमारत मानली जाते. २०२३ मध्ये ती कागदोपत्री १० डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने आठशे-सव्वाआठशे रुपयांना विकली गेली. पुढच्या दोन वर्षांत तिच्यातील फर्निचर विकले गेले, भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले, लिलाव पुकारला गेला आणि प्रकरण दिवाळखोरी न्यायालयात पोहोचले. एका ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू’वर ही वेळ कशी आली?

एवढ्याशा गावात एवढी उंच इमारत कशाला?

याचे उत्तर तेलात आहे. १८९७ साली बार्टल्सव्हिलजवळ ‘नेली जॉनस्टोन क्रमांक १’ ही विहीर लागली. आजच्या ओक्लाहोमाच्या हद्दीतील ती पहिली व्यावसायिक तेलविहीर. १९१७ मध्ये फ्रँक आणि एल. ई. फिलिप्स या भावांनी याच गावात फिलिप्स पेट्रोलियम कंपनी स्थापन केली आणि मुख्यालयही इथेच ठेवले. त्यामुळे लहान गाव असूनही इथे मोठ्या कंपनीचा पैसा, अभियंते, वकील आणि कंत्राटदार होते.

हॅरल्ड सी. प्राइस हे त्यांपैकीच एक. वेल्डिंगच्या कामातून सुरुवात करून त्यांनी तेल आणि वायूच्या वाहिन्या टाकणारी मोठी कंपनी उभी केली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना कंपनीसाठी स्वतःचे कार्यालय हवे होते. त्यांची दोन्ही मुले ओक्लाहोमा विद्यापीठात शिकलेली. त्यांतला धाकटा जो हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पण त्याची उठबस वास्तुरचना विभागाचे प्रमुख ब्रूस गॉफ यांच्याकडे. गॉफ यांच्या सांगण्यावरून प्राइस पितापुत्र थेट राइट यांना भेटायला गेले.

त्या भेटीची गोष्ट बार्टल्सव्हिलमध्ये आजही सांगितली जाते. प्राइस यांना हवी होती तीन मजल्यांची साधी इमारत. राइट म्हणाले, तीन मजले परवडत नाहीत, जास्त बांधा. घासाघीस होत होत आकडा १९ वर येऊन थांबला. तपशिलात थोडी मीठमिरची असेल, पण तीन मजले मागायला गेलेला माणूस १९ मजले घेऊन परतला आणि खर्चही मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक झाला, हे खरे. घर बांधताना आर्किटेक्टकडे गेलेल्या कोणालाही हा अनुभव अगदीच परका वाटणार नाही.

जो प्राइस यांच्याबद्दल जाता जाता एक सांगायला हवे. राइट यांच्यासोबत न्यूयॉर्कला गेले असताना, १९५३ मध्ये, त्यांनी एका दुकानात जपानी चित्रकार इतो जाकुचू यांचे एक चित्र पाहिले आणि मर्सिडीज गाडीसाठी ठेवलेले पैसे त्यावर घातले. पुढे ते एदो काळातील जपानी चित्रांचे जगातील प्रमुख संग्राहक झाले. वडिलांच्या कार्यालयासाठी केलेल्या धावपळीतून असेही काही निघाले.

आराखडा न्यूयॉर्कचा, इमारत ओक्लाहोमाची

राइट यांनी १९ मजल्यांचा आग्रह धरला त्यामागे एक जुने दुखणे होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी न्यूयॉर्कमधील सेंट मार्क्स चर्चच्या जागेसाठी निवासी मनोऱ्यांचा आराखडा केला होता. महामंदी आली आणि तो कागदावरच राहिला. जवळपास पाव शतक त्यांनी तो जपून ठेवला. प्राइस यांच्या रूपाने पैसे असलेला आणि ऐकून घेणारा ग्राहक मिळताच त्यांनी तोच आराखडा बाहेर काढून बदलून घेतला.

गंमत अशी, की राइट यांना दाटीवाटीच्या शहरातील उंच इमारती आवडत नसत. एका मनोऱ्याची सावली दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. त्यात हवा नाही, उजेड नाही, असे त्यांचे म्हणणे. उंच इमारत बांधायचीच तर मोकळ्या जागेत बांधावी आणि तिची सावली तिच्याच जमिनीवर पडावी. म्हणून प्राइस टॉवरला ते गर्दीच्या जंगलातून सुटून आलेले झाड म्हणत. १९५३ च्या अखेरीस काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये इमारत खुली झाली. राइट तेव्हा ८८ वर्षांचे होते. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, त्यांचे निधन झाले.

‘झाड’ म्हणजे नेमके काय? अभियांत्रिकी समजून घेऊ

झाडाची उपमा इथे केवळ शोभेची नाही. इमारत खरोखरच तशी उभी आहे आणि याच भागासाठी हा विषय लिहायला घेतला, हे कबूल करायला हरकत नाही.

नेहमीच्या इमारतीत चारही बाजूंना खांब असतात, खांबांवर तुळया आणि तुळयांवर स्लॅब. वजन कडेच्या खांबांतूनही खाली उतरते. प्राइस टॉवरच्या कडेला वजन पेलणारा खांबच नाही. इमारतीच्या मध्यभागी काँक्रीटच्या चार उभ्या भिंतींचा गाभा आहे. उद्वाहक आणि वायरी-पाइप या गाभ्याच्या आसऱ्यानेच वर जातात. प्रत्येक मजल्याचा स्लॅब या गाभ्यातून फांदीसारखा बाहेर येतो. बाहेरची काच आणि तांबे म्हणजे पाने. ती नुसती टांगलेली आहेत, वजन पेलत नाहीत. जमिनीखाली गाभा खोल रोवलेला आहे. राइट त्याला सोटमूळ म्हणत. अशीच रचना त्यांनी आधी विस्कॉन्सिनमधील रसीन येथे जॉन्सन कंपनीच्या संशोधन मनोऱ्यात करून पाहिली होती, पण ती प्रयोगशाळा होती. माणसे राहतील, कार्यालये चालतील अशी इमारत नव्हती.

एका टोकाला धरलेल्या आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या अशा बांधकामाला ‘कँटिलिव्हर’ म्हणतात. आपल्याकडे घराघरांत दिसणारा कँटिलिव्हर म्हणजे खिडकीवरचा छज्जा किंवा बाल्कनी. त्याचे गणित निर्दयी असते. सारख्या वजनाचा छज्जा दुप्पट बाहेर काढला, तर मुळाशी येणारा वाकवणारा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिवाय हा ताण स्लॅबच्या वरच्या अंगाला येतो, त्यामुळे लोखंडी सळ्याही वरच्याच बाजूला टाकाव्या लागतात. सळ्या चुकून खाली गेल्या की सेंटरिंग काढताच छज्जा कोसळतो. अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. प्राइस टॉवरमध्ये एकावर एक असे १९ मजले याच तत्त्वावर पेललेले आहेत. म्हणूनच तिथला स्लॅब गाभ्यापाशी जाड आणि कडेकडे पातळ होत जातो. आणि फांद्या चारही दिशांना असल्याने एका बाजूचे वजन दुसऱ्या बाजूच्या वजनाला तोलून धरते.

वरून पाहिले तर प्रत्येक मजला फिरत्या भिरभिऱ्यासारखा दिसतो. त्याचे चार भाग आहेत. तीन भाग कार्यालयांसाठी आणि एक भाग दुमजली सदनिकांसाठी. खाली दुकान, वर ऑफिस, बाजूला घर असा ‘मिक्स्ड यूज’ हा शब्द आज प्रत्येक बिल्डरच्या जाहिरातीत असतो. राइट यांनी तो सत्तर वर्षांपूर्वी एका उभ्या दांड्याभोवती गुंफला होता. ओक्लाहोमाचे ऊन कडक, म्हणून काचांना सोनेरी छटा दिली आणि बाहेर तांब्याच्या पट्ट्या लावल्या. कार्यालयांच्या बाजूला आडव्या, घरांच्या बाजूला उभ्या. तांब्याच्या पत्र्यांवरचा हिरवा रंग वर्षानुवर्षांच्या पावसाने चढलेला नाही. तांब्याच्या भांड्यावर धरतो तसा थर कारखान्यातच मुद्दाम चढवून मग ते पत्रे बसवले गेले.

मग अडचण कुठे होती?

अडचण त्याच भूमितीत होती. राइट यांनी आराखडा काटकोनांऐवजी ३० आणि ६० अंशांच्या जाळीवर आखला. त्यामुळे खोल्यांचे कोपरे तिरके झाले. बाजारातले कपाट किंवा टेबल तिथे नीट बसेना. परिणामी बरेचसे फर्निचर राइट यांनाच आखावे लागले. षटकोनी पाठीच्या अॅल्युमिनियमच्या खुर्च्या, भिंतीत बसवलेली टेबले, तांब्याची स्टुले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे वाद यावरूनच पेटला.

दुसरे म्हणजे जागा. गाभ्याने मधला भाग खाल्ला, आधीच लहान असलेले मजले आणखी लहान झाले. उद्वाहक चार, पण प्रत्येकात जेमतेम तीन-चार माणसे मावतील एवढेच. आणीबाणीत बाहेर पडण्याचा जिना अरुंद. सदनिकांना तर भाडेकरूच पुरेसे मिळेनात. छोट्या गावात, जिथे बागेसह स्वतंत्र घर सहज परवडते, तिथे तिरक्या कोपऱ्यांच्या सदनिकेत भाड्याने कोण राहणार? काही काळ ब्रूस गॉफ स्वतः या इमारतीत राहिले, पण असा भाडेकरू एखादाच. पुढे सदनिकांचीही कार्यालये झाली.

राइट यांचे कौतुक करणाऱ्या लेखांत हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो. या इमारतीचे नंतर जे झाले त्याला फक्त अलीकडचे मालक जबाबदार नाहीत. ती पहिल्या दिवसापासून महागडी होती आणि तिचा खर्च भागवायला प्राइस यांच्यासारखा मालक लागत होता.

मालक बदलत गेले तसे काय घडले?

प्राइस कंपनीने १९८१ मध्ये गाव सोडताना इमारत फिलिप्स पेट्रोलियमला विकली. फिलिप्सच्या वकिलांनी जिना पाहिला आणि तो धोक्याचा ठरवला. त्यामुळे गावातील सर्वांत प्रसिद्ध इमारत जवळपास दोन दशके प्रामुख्याने गोदाम म्हणून वापरली गेली. याच काळात, १९८३ मध्ये, अमेरिकेतील वास्तुरचनाकारांच्या संस्थेने तिला काळाच्या कसोटीला उतरलेल्या इमारतींसाठी असलेला ‘२५ वर्षे’ पुरस्कार दिला. बाहेर सन्मान आणि आत खोकी.

गावाचे दिवसही फिरत होते. १९८४-८५ मध्ये टी. बून पिकन्स आणि कार्ल आयकान यांनी पाठोपाठ फिलिप्स कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. कंपनी वाचली, पण कर्जाच्या ओझ्याने नोकऱ्या गेल्या. २००२ मध्ये फिलिप्स आणि कोनोको यांचे विलीनीकरण झाले आणि मुख्यालय ह्यूस्टनला गेले. आजही बार्टल्सव्हिलमध्ये कंपनीचे कर्मचारी आहेत, पण निर्णय घेणारी खुर्ची तिथे नाही. गावातल्या संस्थांना देणगी मागायला जायचे तर कोणाकडे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

त्याच सुमारास फिलिप्सने इमारत एका स्थानिक कला संस्थेला दान केली. संस्थेने हिमतीने काम केले. संग्रहालय चालवले आणि २००३ मध्ये वरच्या मजल्यांवर वीसेक खोल्यांचे छोटे हॉटेल व उपाहारगृह सुरू केले. शेजारी नवे संग्रहालय बांधण्यासाठी झाहा हदीद यांच्याकडून आराखडाही करून घेतला. तो बांधला गेला नाही. २००७ मध्ये इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. राइट यांच्या निवडक इमारती जागतिक वारसा यादीसाठी पाठवल्या गेल्या तेव्हा त्यांत प्राइस टॉवरही होता. पण सुधारित प्रस्तावातून तो वगळला गेला आणि २०१९ मध्ये ज्या आठ इमारतींना मान्यता मिळाली त्यांत तो नाही.

हॉटेलच्या खोल्या मोजक्या आणि देखभाल मात्र १९ मजल्यांची. शेवटी कर्ज साचले. मार्च २०२३ मध्ये संस्थेने इमारत एका खासगी कंपनीकडे सोपवली. दस्तावरील किंमत १० डॉलर. मात्र ही फुकटची खैरात नव्हती. संस्थेवरील सुमारे सहा लाख डॉलरचे कर्ज नव्या मालकाने स्वतःकडे घेतले आणि मोठी गुंतवणूक करून इथे तंत्रज्ञान कंपन्या आणण्याचे आश्वासन दिले.

फर्निचरवरून वाद का झाला?

ती गुंतवणूक उभी राहिली नाही. २०२४ मध्ये इमारतीतील राइट यांच्या काही वस्तू डॅलसमधील एका विक्रेत्याला विकल्या गेल्याचे उघड झाले. त्यांत खुर्ची, तांब्याची टेबले व स्टुले, तांब्याचे नक्षीदार फलक आणि तळमजल्यावरील भाडेकरूंच्या नावांचा फलक असे सामान होते. राइट यांच्या इमारतींचे जतन करणाऱ्या ‘फ्रँक लॉइड राइट बिल्डिंग कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने लगेच हरकत घेतली. आपल्या परवानगीशिवाय या वस्तू विकताच येत नाहीत, असे तिचे म्हणणे होते.

मालकाने स्वतःच्या इमारतीतील खुर्ची विकायला तिसऱ्याची परवानगी का घ्यावी? २०११ मध्ये कला संस्थेने या कॉन्झर्व्हन्सीच्या नावे संवर्धनाचा एक सुविधाधिकार लिहून दिला होता. इमारतीचे बाह्यरूप, आतील काही भाग आणि राइट यांनी आखलेल्या ठरावीक वस्तू यांत बदल करायचा किंवा त्या हलवायच्या, तर कॉन्झर्व्हन्सीची संमती घ्यावी लागेल, असा तो करार. आपल्याकडे शेताच्या बांधावरून जाणारी वहिवाट असते, ती शेत विकले तरी संपत नाही. नव्या मालकालाही वाट द्यावीच लागते. हा करार साधारण तसाच आहे. तो मालकाशी नव्हे, मालमत्तेशी बांधलेला असतो. मालक कंपनीची बाजू अशी, की देणी भागवण्यासाठी पैसा हवा होता आणि विक्रीचा अधिकार आपल्याला होता.

कागदावर हा अधिकार भक्कम आहे. पण इमारतीचा जिना कोणी खांद्यावर घेऊन जाऊ शकत नाही, खुर्ची मात्र एका दुपारी गाडीत टाकून नेता येते. आणि तिरक्या कोपऱ्यासाठी बनवलेली खुर्ची त्या कोपऱ्यातून बाहेर पडली, की कोपरा आणि खुर्ची या दोन्हींची किंमत कमी होते. अर्थात बाजारात खुर्चीची वाढते, हाच तर पेच आहे.

पुढचे सगळे वेगाने घडले. ऑगस्ट २०२४ मध्ये इमारत बंद करून भाडेकरूंना जागा सोडायला सांगण्यात आले. कर्जाचा डोंगर वाढल्याचे मालकांनी सांगितले. ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन लिलाव ठरला, किमान बोली सहा लाख डॉलर. त्याच वेळी तुलसा शहरातील मॅकफार्लिन बिल्डिंग या कंपनीने दावा केला, की १४ लाख डॉलरना इमारत घेण्याचा आपला करार आधीच झालेला आहे. वाद न्यायालयात गेला. जानेवारी २०२५ मध्ये मालक कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. अखेर न्यायालयाने मॅकफार्लिनच्या बाजूने विक्रीला मान्यता दिली आणि मे २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. १४ लाख डॉलर म्हणजे सुमारे १२ कोटी रुपये. एवढ्या पैशात दक्षिण मुंबईतला एक प्रशस्त फ्लॅट येतो.

भारताशी याचा काही संबंध?

थेट नाही, पण एक हुकलेला योग आहे. प्राइस टॉवरच्या आधी काही वर्षे, १९४० च्या दशकाच्या मध्यात, राइट यांनी अहमदाबादच्या साराभाई कुटुंबासाठी कॅलिको मिलच्या दुकानाचा आराखडा केला होता. म्हणजे तीही व्यापारी इमारतच, आणि ग्राहकही उद्योजकच. ती बांधली गेली नाही. त्यामुळे भारतात राइट यांची एकही इमारत नाही आणि तिची देखभाल कोणी करायची, हा प्रश्नही आपल्यापुढे आला नाही.

आता पुढे काय?

नव्या मालकांमागे असलेल्या कुटुंबाने तुलसामधील बंद पडलेले ऐतिहासिक मेयो हॉटेल पुन्हा सुरू करून दाखवले आहे, ही त्यांची जमेची बाजू. प्राइस टॉवरमध्ये हॉटेल, उपाहारगृह आणि भाड्याच्या सदनिका करण्याची योजना त्यांनी मांडली आहे. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या कित्येक पट, म्हणजे सुमारे एक कोटी डॉलरच्या घरात जाईल असे सांगितले जाते. ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीसाठी अमेरिकेत करसवलती मिळतात, पण त्यासाठी काम ठरलेल्या निकषांनुसारच करावे लागते.

२०११ चा सुविधाधिकार नव्या मालकांवरही बंधनकारक आहे. त्यामुळे त्याच्या कक्षेत येणारे तांब्याचे पत्रे, काचा किंवा आतील वस्तू बदलायच्या असतील तर आधी कॉन्झर्व्हन्सीला विचारावे लागेल. ज्या सदनिकांना १९५६ मध्ये भाडेकरू मिळत नव्हते, त्याच कल्पनेवर आता पुन्हा पैसे लावले जाणार आहेत. आणि वर जायला तेच चार उद्वाहक आहेत, ज्यांत बॅगा घेतलेले दोन पाहुणे शिरले की तिसऱ्याला थांबावे लागते.